लेखणीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे मोठा पुण्यप्रद समजला जातो. पडक्या देवळावर नवा कळस चढविणाऱ्याचे नाव सभामंडपात संगमरवरी फरशीवर कोरले जाते आणि येणाजाणारा ते आदराने वाचतो. परंतु ज्याने आपल्या प्रांतातील जुनी देवळे थोड्या डोळसपणाने पाहिली असतील, त्याच्या ध्यानी हेही आले असेल की, कित्येक शतकांच्या ऊनपावसातून जी शिल्पे वाचली ती एखाद्या भाविकाच्या ऑइलपेंटच्या डब्यातून मात्र वाचू शकली नाहीत. नाकडोळे रंगात बुजले, छिन्नीच्या रेघा भरून निघाल्या, आणि ज्याला आपण उद्धार म्हटले तो लोपच ठरला. उपेक्षेने होणाऱ्या नाशाची हळहळ सर्वांसच वाटते. प्रेमाने होणाऱ्या नाशाचा मात्र समारंभ होतो, म्हणून तो अधिक भयंकर.

आज ज्या विषयाचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे, तो देवळाच्या मानाने अगदीच लहान, सदऱ्याच्या खिशात मावण्याएवढा आहे. जुनी फाउंटन पेने गोळा करावी, ती दुरुस्त करून पुन्हा लिहिती करावी, असा छंद गेल्या काही दशकांत देशोदेशी वाढला आहे. बॉलपेनने शाईच्या पेनास रोजच्या व्यवहारातून हुसकून लावले आणि पुढे कळफलकाने बॉलपेनासही मागे सारले. तरी जी वस्तू गरजेची उरली नाही तीवर प्रेम करणारे लोक निघतातच. या छंदाची चर्चा वाङ्मयविषयक मासिकात कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, लेखणीच्या दुरुस्तीत जो प्रश्न उभा राहतो तो मूळचा वाङ्मयाच्याच प्रांतातला आहे. काळाने विटाळलेली कृती शुद्ध करताना शुद्ध करणाराने आपला हात कोठवर चालवावा व कोठे आवरावा, हा तो प्रश्न होय. जुन्या पोथीचे संपादन करणारास तो पडतो, तसाच जुन्या पेनाचे टोपण उघडणारासही पडतो; फरक इतकाच की, पहिल्याने त्याचा विचार पुष्कळ केला आहे आणि दुसऱ्याने अद्यापि फारच थोडा.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पोटात शाई बाळगणारी लेखणी असावी ही कल्पना बरीच जुनी आहे. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राखे पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ साली फ्रान्स सरकारकडून अशा एका लेखणीचे पेटंट घेतले होते. अडचण शाई साठविण्याची नव्हती, ती बेताने सोडण्याची होती. नळीतून शाई बाहेर पडावयाची तर तिच्या जागी हवा आत शिरली पाहिजे. हवा न शिरली तर लेखणी मुकी होते; भलतीच शिरली तर कागदावर डाग पडतो. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली जे पेटंट मिळविले त्याचे मर्म निबेखालच्या जिभेत आहे. या जिभेला एक खाच आणि तिच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या होत्या. शाई केशाकर्षणाने चिरांतून पुढे यावी आणि हवेने उलट वाटेने आत जावे, अशी ती योजना होती. वॉटरमन विम्याचे काम करीत. एका मोठ्या करारावर सही घेताना पेन गळले, करार हातचा गेला, आणि त्या संतापातून हा शोध जन्मला, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन आधार सापडत नाही. ती पुढे बऱ्याच वर्षांनी जाहिरातींच्या आश्रयाने वाढली. आपल्या जुन्या कवींच्या चरित्रांभोवती जशा आख्यायिका गोळा होतात, तशीच ही एक. संग्राहकाने सावध व्हावयास येथूनच आरंभ करावा हे बरे.

यानंतर पेन भरण्याच्या युक्त्यांचा काळ आला. लंडनच्या ‘ओनोटो’ पेनात १९०५ पासून दट्ट्या ओढून शाई भरली जाई. आयोवा संस्थानातील फोर्ट मॅडिसन या गावचे जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी १९०८ साली खटक्याचे पेटंट घेतले: नळीच्या अंगावरील लहानसा खटका उचलला की आतील पट्टी रबरी पिशवीस दाबते, आणि सोडला की पिशवी फुगून शाई ओढून घेते. जेन्सव्हिलच्या पार्कर कंपनीने १९२१ साली तांबड्या रबराचे ‘ड्युओफोल्ड’ सात डॉलरला विकावयास काढले. हॅनोव्हरच्या ‘पेलिकन’ने १९२९ साली पीळ फिरवून वरखाली होणारा दट्ट्या आणि शाई दिसेल अशी पारदर्शक खिडकी आणली. १९३३ च्या सुमारास पार्करचे ‘व्हॅक्यूमॅटिक’ आले; त्याच्या नळीत पारदर्शक व अपारदर्शक सेल्युलॉइडची वलये एकाआड एक बसविलेली असत. १९४१ साली बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’ मध्ये तर निब जवळजवळ सगळीच आच्छादनाखाली गेली. अवघ्या साठ वर्षांत एवढ्या रूपांतरांतून गेलेले हे लहानसे यंत्र त्या काळच्या रसायनाचा, शिल्पाचा आणि व्यापाराचा इतिहास आपल्या अंगावर वागवीत असते.

आता जीर्णतेचा विचार. पेनाचे सर्व अवयव सारख्याच गतीने म्हातारे होत नाहीत, ही या विषयातील पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. रबरी पिशवी काही वर्षांत कडक होते, किंवा डांबरासारखी वितळून आतल्या बाजूस चिकटते. ‘ओनोटो’ व आरंभीचे ‘पेलिकन’ यांतील दट्ट्याचे बूच वाळून आकसते. ‘व्हॅक्यूमॅटिक’चा रबरी पडदा फाटतो. हे भाग झिजावयाचे, बदलावयाचे, असे धरूनच मूळ कारागिराने पेन बनविलेले असते. दिव्यातील वात बदलल्याने दिवा बदलत नाही, तसेच हे आहे. याउलट नळी, टोपण आणि निब ही पेनाची काया. नळी पुष्कळदा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. प्रकाश आणि ओल लागून तिचा काळा रंग मावळतो व ती शेवाळी-तपकिरी दिसू लागते. ज्या एबोनाइटचा पृष्ठभाग प्रकाशाने आधीच कमकुवत झाला आहे, ते रात्रभर पाण्यात भिजत घातले तर सकाळी विटून निघते. सेल्युलॉइडचे दुखणे निराळे. तो पदार्थ ज्वालाग्राही आहे आणि उकळत्या पाण्याच्या उष्णतेपाशीच मऊ पडतो. म्हणून सांधा सैल करण्यासाठी त्यास ऊब द्यावयाची ती हाताच्या अंदाजाने, बेताबेताने द्यावी लागते. उतावळ्या माणसाने येथे पडूच नये.

आतापर्यंत सांगितले त्यात मतभेदास फारशी जागा नाही. मतभेद होतो तो कायेविषयी. आणि येथे युरोपात एकोणिसाव्या शतकात माजलेल्या एका वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक यांनी जुन्या चर्चांचा व कोटांचा उद्धार मोठ्या धडाक्याने केला. इमारतीस पूर्णत्व आणून द्यावे, मग ते पूर्णत्व पूर्वी कोणत्याही एका क्षणी तीस लाभलेले नसले तरी चालेल, अशी त्यांची धारणा होती. इंग्लंडात जॉन रस्किन यांनी १८४९ सालच्या आपल्या वास्तुविषयक ग्रंथात या वृत्तीवर कठोर प्रहार केला. मेलेल्यास उठविता येत नाही, तसेच गेलेल्या कारागिराचा हात परत आणता येत नाही. म्हणून असला उद्धार म्हणजे असत्य होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा पायाही हाच विचार होता.

पेनांच्या दुनियेतही हे दोन पंथ आहेत, मात्र त्यांस आपल्या पूर्वजांची नावे ठाऊक असतातच असे नाही. पहिल्या पंथाचा कारागीर एबोनाइट घासून किंवा रंगवून काळेभोर करतो, क्लिपेवर नवा सोन्याचा मुलामा चढवितो, नळीवरील ओरखडे पुसतो आणि पेन कालच दुकानातून आणल्यासारखे करून देतो. दुसऱ्या पंथाचा संग्राहक धूळसुद्धा झाडू देत नाही. वाळलेली शाई, तडकलेली पिशवी, सगळे जसेच्या तसे काचेच्या कपाटात ठेवतो. आमच्या मते रस्किन यांचा पक्ष देवळांच्या व चर्चांच्या बाबतीत जेवढा बळकट आहे तेवढा येथे नाही. पडकी इमारतही पाहणाऱ्याशी बोलते. तिच्या भग्नतेतही एक भव्यता असते. न लिहिणाऱ्या पेनात असली भव्यता नाही. ते केवळ मुके असते. वीणेला तारा न लावता तिचे संरक्षण केले असे म्हणणे जितपत खरे, तितपतच हे खरे.

परंतु म्हणून पहिल्या पंथाचा विजय झाला असे मुळीच नव्हे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आपल्या वकील वडिलांचे काळे पेन एका कारागिराकडे दिले. नळीवर लाटांसारखी बारीक नक्षी होती, मधोमध कंपनीचा ठसा होता आणि त्याखाली वडिलांचे नाव कोरलेले होते. पेन परत आले ते आरशासारखे चकचकीत होऊन. नक्षी गेली, ठसा गेला आणि नावही गेले. गृहस्थ प्रसन्न होते; “अगदी दुकानातल्यासारखे झाले,” असे ते आम्हांस कौतुकाने म्हणाले. दुकानातल्यासारखे, म्हणजे अद्यापि कोणाचेच न झालेले! चाळीस वर्षे एका माणसाच्या खिशात राहून जे त्या वस्तूने मिळविले होते, ते सर्व पॉलिशच्या एका फडक्याने पुसून निघाले. घासून गेलेले एबोनाइट पुन्हा भरता येत नाही. पिशवी फाटली तर उद्या दुसरी लागेल. नाव गेले ते गेले.

यातून एक सरळ तत्त्व निघते. पेनाच्या ज्या भागांचे काम केवळ सेवा करण्याचे आहे ते निःशंकपणे बदलावेत; ज्या भागांवर काळाची व माणसाची साक्ष उमटली आहे त्यांस शक्य तो हात लावू नये. मुलामा पातळ होऊन क्लिपेवर पितळ दिसू लागले असेल तर ती दुखापत नव्हे, ते वय आहे. नळीला चीर गेली असेल तर ती दुखापत आहे, आणि तीवर उपचार करणे कर्तव्य आहे. निबेच्या बाबतीत हा भेद अधिक सूक्ष्म होतो. पेन पडून निबेची एक पाकळी वाकली असेल तर ती सरळ करावी. हा अपघाताचा परिहार होय. पण चौदा कॅरटच्या त्या सोन्याच्या टोकाशी जो कठीण धातूचा कण बसविलेला असतो, तो एकाच हाताच्या एकाच कलाने वर्षानुवर्षे लिहून एका बाजूस झिजलेला असला, तर ती झीज म्हणजे त्या माणसाच्या हस्ताक्षराचा ठसाच आहे. सहाणेवर दोन फेरे दिले की टोक गुळगुळीत होते व हा ठसा नाहीसा होतो. कोणी म्हणेल, मला या पेनाने लिहावयाचे आहे, दुसऱ्याच्या कलाने माझा हात कसा चालावा? आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की, त्याच जातीची दुसरी निब मिळवून लिहिण्यासाठी बसवावी, आणि मूळची निब कागदात गुंडाळून पेनाबरोबर जपून ठेवावी.

येथे पोथीसंपादकांचे उदाहरण घेतल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. आणि ते घेण्यास पुण्यापलीकडे जाण्याचेही कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिचे आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली १९३३ साली पूर्ण झाले आणि अठराही पर्वांचे काम १९६६ साली तडीस गेले. ही आवृत्ती उघडून पाहणारास तीन गोष्टी दिसतील. संपादकांनी जो पाठ स्वीकारला पण ज्याविषयी पुरती खात्री नव्हती, त्याखाली नागमोडी रेघ दिली आहे. जेथे हस्तलिखितांपलीकडे जाऊन स्वतः दुरुस्ती केली, तेथे तारकाचिन्ह घातले आहे. आणि जे श्लोक प्रक्षिप्त म्हणून मूळ पाठातून काढले, ते फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत छापले आहेत. यातील विद्वत्ता थोर आहेच. पण आम्हांस तिच्याहूनही थोर वाटतो तो यातील विनय. माझा निर्णय उद्या कोणास चुकीचा वाटला तर त्यास पुन्हा निर्णय करण्याची सामग्री मी नष्ट करणार नाही, अशी ती जणू प्रतिज्ञा आहे.

पेन दुरुस्त करणाराने हीच प्रतिज्ञा का करू नये? काय बदलले याची एक चिठ्ठी त्याने पेनाबरोबर द्यावी. ती त्याची तारकाचिन्हे होत. काढलेले जुने भाग पुडीत बांधून परत करावेत. ते त्याचे परिशिष्ट होय. एका पेनाचे टोपण व दुसऱ्याची नळी जोडून तिसरेच पेन विकावयास मांडणे हा तर उघड प्रक्षेप आहे. असा जोड लिहिण्यास उत्तम असेल, त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती तो जोड आहे हे लपविण्यास. बाजारात ‘नवे कोरे’ या दोन शब्दांस जी किंमत येते तिच्यामुळे हे लपविणे वाढते. ग्राहक चकाकीसाठी पैसे मोजतो तोवर कारागीर चकाकीच विकणार. म्हणून या दोषाचा मोठा वाटा आम्ही कारागिरापेक्षा रसिकाच्या पदरी घालतो. अभिरुची जोपर्यंत डोळ्यांपुरती आहे, तोपर्यंत हातांस दोष देऊन काय उपयोग?

या कलेतील सुज्ञ लोकांनी मात्र, ग्रंथ न वाचताही, हे तत्त्व ओळखलेले दिसते. नवी पिशवी बसविताना ते हल्लीचा क्षणात घट्ट होणारा गोंद वापरीत नाहीत, लाख वापरतात. हिंदुस्थानच्या रानातील झाडांवर किडे जी लाख तयार करतात तीच शुद्ध होऊन देशोदेशी गेली आणि पेनाच्या कारखान्यांतही पोहोचली. लाख पुरेशी घट्ट धरते, पण थोडी ऊब दिली की सोडते. म्हणजे पुढे वीस वर्षांनी पिशवी पुन्हा बदलावी लागेल तेव्हा त्या वेळच्या माणसास नळी न मोडता सांधा उघडता येईल. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी कारागिराची ही जी काळजी, तीच या विद्येतील खरी नीती होय. आणि कित्येकदा उत्तम दुरुस्ती म्हणजे काही न करणे हेच असते. १९४८ नंतरच्या ‘पार्कर ५१’ मधील शाईची पिशवी रबराची नसून टिकाऊ प्लास्टिकची आहे. सत्तर वर्षांनीही ती पुष्कळदा धड सापडते. अशा पेनास थंड पाण्याने वारंवार धुऊन वाळलेली शाई काढली की ते लिहू लागते. तेथे हत्यार उचलणे हाच अपराध.

मूळचे ते सर्वच पवित्र, असा उलट टोकाचा आग्रहही आम्हांस मान्य नाही. हिरव्या रंगाच्या जुन्या सेल्युलॉइडचे उदाहरण घ्या. शेफर कंपनीने १९२४ साली अशी पेने काढली, आणि त्यांचा पाचूसारखा रंग पाहून लोक मोहित झाले. पण आतील रबरी पिशवीतून गंधकाची वाफ हळूहळू निघत राहते व तिने तो हिरवा रंग तपकिरी पडतो. म्हणजे मूळ अवयवच मूळ कायेचा वैरी! अशा वेळी गंधकरहित सिलिकोनची पिशवी घालणे हे मूळ रचनेस सोडून असले तरी मूळ कृतीच्या हिताचे आहे. निष्ठा वस्तूच्या अक्षराशी की तिच्या प्राणाशी, याचा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. त्यासाठी नियम पुरत नाहीत, विवेक लागतो.

शेवटी संग्राहकाविषयी दोन शब्द. संग्रह करणे ही विद्येची पहिली पायरी आहे, यात संशय नाही. कोणी गोळा केलेच नसते तर अभ्यास तरी कशाचा झाला असता? परंतु वस्तूची संख्या वाढत जाते तसतशी तिची ओळख पातळ होत जाते, हा धोका प्रत्येक संग्राहकाने ओळखावा. जपानचे कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी १९१२ साली आपल्या फाउंटन पेनाविषयी एक छोटासा लेख लिहिला. ते ‘ओनोटो’ने लिहीत असत. त्यांस पेनाविषयी सांगण्यासारखे काही होते ते शेकडो पेने जमविल्यामुळे नव्हे, तर त्यांच्या रोजच्या लेखनाचे ओझे त्याच्या टोकावर होते म्हणून. कपाटातील तीनशे पेनांचा धनी पुष्कळदा पेनांच्या किमती सांगू शकतो. त्यांपैकी एकही कसे लिहिते, जाड कागदावर कसे आणि पातळ कागदावर कसे, हे त्यास सांगता येत नाही. त्याच्या संग्रहास ग्रंथालय म्हणता येईल, पण त्या ग्रंथालयात वाचक नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी, आजोबांच्या जुन्या कागदांत किंवा कपाटाच्या एखाद्या खणात, असे एखादे पेन पडलेले असेल. ते उंची असेल असे नाही. क्लिप गंजलेली असेल, टोपणाची कड उडालेली असेल. ते बाहेर काढावे, कोमट नव्हे तर थंड पाण्याने निबेचा भाग तेवढा धुवावा, आणि जाणत्या माणसाकडे न्यावे. त्यास एवढेच सांगावे की, “हे लिहिते करा, नवे करू नका.” या दोन क्रियापदांतील अंतर ज्यास कळले त्याच्या हाती पेनच काय, एखादी पोथी किंवा एखादे देऊळही निर्धास्तपणे सोपवावे. घरी आणल्यावर त्यात शाई भरून एखादे पत्र लिहावे. अक्षर आजोबांचे उमटणार नाही, ते आपलेच उमटेल. परंतु निब ज्या बाजूस थोडी अडखळेल, त्या बाजूस त्यांचा हात कलत असे, इतके तरी नातवास कळेल.